त्याचा बडी कोण?

९ डिसेंबर, मंगळवार. लष्कर, ग्वाल्हेर

विन्याला माझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचायला दिलं, हीच चूक. धाकटा भाऊ सैन्यातून परत येऊन चार वर्षं झाली, तिथलं अवाक्षर कधी काढलं नाही. आज पानं बाजूला ठेवून म्हणाला, "ताई, तुझा हा शिपाई एकटाच का फिरतोय? इसका बडी कौन है?"

बडी म्हणजे जोडीदार. प्रत्येक जवानाला एक असतोच म्हणे. मला कुठून माहीत असणार? माझा जन्म लष्करात गेला खरा, पण तो लष्कर नावाच्या या मोहल्ल्यात, बाड्याच्या चौकापाशी, साड्यांच्या दुकानांमध्ये!

चिडलेच मी. माझा नायक उपजत शूर आहे, पणजोबांची तलवार वगैरे. विन्या हसला. "मी तर भित्रा होतो गं. पण वर बर्फात माझे ओले मोजे बडी स्वतःच्या पोटाशी धरून वाळवायचा. तेच मोजे घालून त्याच्यासमोर घाबरणार कसा?"

ओले मोजे. पोटाशी. संध्याकाळी मेथी निवडतानाही तेच डोक्यात. दोन वर्षं मी माझ्या नायकाचं धैर्य तलवारीत शोधतेय, आणि ते मोज्यांत होतं?

तलवार खोडून टाकली. विन्याला विचारलं, मोजे घेऊ का गोष्टीत? त्याने पानं उचलून नीट लावली. मग म्हणाला, "घे. गोष्टीतल्या बडीचं नावही त्याचंच ठेव. पण ताई, या वेळी त्याला घरी परत आण."

आणणार. दोघांनाही आणणार.