तुराट्यांची राख

॥ श्री ॥
निलंगा, २ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. दीपमालास आईचे आशीर्वाद.

तुझ्याकडून आलं ते: फुलवातींचा एक पुडा, खारीक अर्धा किलो, रिकामा पत्र्याचा डबा आन् चिठ्ठी. एसटीच्या पार्सलला साठ रुपये. डबा चुलीतल्या राखेनं भरून परत धाडते, त्यालाही साठ. राखेला भाडं भरणारी निलंग्यात मी एकलीच, असं तुझे बाबा म्हणून राहिले. तू सांगितलंस तशी तूर झोडून उरलेल्या निव्वळ तुराट्यांची आहे, गोवरीचं खांडसुद्धा न्हाई.

मातीच्या वाट्या भाजताना दोन भट्ट्या बिघडल्या, ही तिसरी बिघडली तर भट्टीच विकून टाकीन, असं लिहिलंस. काम हाती घेताना असं लिहू नये. पुडीत अंगारा आहे. तुझ्या कपाळाला लाव, वाट्यांना नको.

सुदर्शनरावांना आशीर्वाद. माया राहू दे.

तुझी आई

नांदेड, १८ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

राख चाळून आपल्या शेतातल्या काळ्या मातीत कालवली आणि त्यात वाट्या बुडवून भाजल्या. दुसरा रंग काही नाही. आच जास्त झाली. राखेची झिलई वितळून ओघळली आणि वाट्या भट्टीतल्या फळीला चिकटल्या. एकच धड निघाली. ती पाठवते, लोणचं काढायला घे.

लातूरचे एकजण पुढच्या रविवारी भट्टी विकत घ्यायला येताहेत. सासूबाई म्हणाल्या, मातीचं वेड मातीत गेलं, बरं झालं. रागावू नकोस. लोभ कमी करू नकोस.

तुझी दीपमाला

॥ श्री ॥
निलंगा, २१ फेब्रुवारी

चि. सौ. दीपमालास अनेक आशीर्वाद.

वाटी पोचली. लोणचं काढलं न्हाई, काढवेना. काठाला चिंचेच्या सालीसारखी तपकिरी, आन् तळाशी हिरवं साचलंय, उन्हाळ्यात बारवेचं पाणी दिसतं तसं. मी पाणी समजून बोट बुडवायला गेले, तर कोरडं, काचेसारखं. लग्न होऊन आल्यापासून ह्या राखेनं भांडी घासते. हात काळे होतात आन् ती मोरीतून वाहून जाते, एवढंच तिचं मला ठाऊक. तिच्या पोटात हे होतं.

शेजारच्या सालेहाभाभी शिवण टाकून बघायला आल्या. पोरीनं कोणता रंग टाकला म्हणाल्या. चुलीतली राख म्हटलं तर त्यांना मस्करी वाटली. मग वाटी हातात फिरवून फिरवून बघितली, आन् म्हणाल्या की ही कुदरत आहे, हिला उष्टी करू नका. तुझे बाबा चष्मा लावून उन्हात नेऊन बघतात, मी आले की ठेवून देतात.

चिनीमाती देवघरात चालत न्हाई. मी ठेवली. दिवा लावला की तळाचं हिरवं हलतं. देवाला राग येणार असंल तर माझ्यावर येऊ दे.

एक जमली तर दुसरी का जमू नये, एवढंच मला कळतं. आच जरा कमी कर, भाकरी टाकल्यावर करतो तशी. न विचारता राखेचं पोतं आजच्या गाडीनं धाडलंय. फोन करू नको. फोनवर तू हाव म्हणतेस आन् करतेस मनाचं. लातूरच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलंस का, ते उलट टपाली लिहून धाड.

तुझी आई,
तारामती