शिंपल्यातली परी आणि खाडीचा ठराव

७८६
तांबडखाडी, जि. रत्नागिरी
८ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव तय्यबास फिरदोस आपाचा सलाम व उदंड दुवा.

पत्र दुबईला परतणाऱ्या वासिफबरोबर देते आहे, सोबत सुकी कोळंबी आहे. फोन का करत नाही असं विचारशील, तर माझा फोन ऑगस्टात खाडीत पडला. नवा घेतला नाही, कारण तो गेल्यापासून मला बरं वाटतंय.

इथे बातमी अशी आली आहे, की दोन डिसेंबरला दुबईत आपल्या गावच्या जमातीचं जे स्नेहसंमेलन आहे, त्यात खाडी भरायची की नाही यावर हात वर होणार आहेत. आपल्या गावाची रीत मला नवी नाही. मशिदीतला पंखा बदलायचा तरी आधी दुबईत हात वर व्हावे लागतात. ज्यांना तो वारा लागणार नाही, ते ठरवतात. पंख्यापर्यंत मी काही बोलले नाही. पण खाडीचं तोंड भरून तिथे बंगले आणि बोटींचा धक्का करणारा बिल्डर जमातीची ‘हरकत नाही’ मागतो आहे, आणि हे स्थळ आणणारा मध्यस्थ माझा सख्खा भाऊ आहे, हे मला मासळीवालीकडून कळावं?

तिथेच माझे कालवांचे खडक आहेत. तुझे भावजी गेले त्याला एकतीस वर्षं झाली, तेव्हापासून माझी चूल त्या खडकांवर पेटते. तुझं कॉलेज त्यातच झालं. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही, कालवांच्या वतीनं लिहिते आहे, कारण त्यांना तुमच्या संमेलनाचं आमंत्रण नाही. मलाही नाही. आपल्यात बायकांना हात दिलेत ते वाढायला.

भराव पडला तर मी काय करायचं, एवढं कळव. रशीदाला सलाम, माहनूरला मुका. आपाला विसरला नसशील तर उत्तर येईलच.

तुझी,
फिरदोस आपा


इंटरनॅशनल सिटी, दुबई
१६ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप आपास, तय्यबचा अदबीचा सलाम वि. वि.

पत्र पोचलं, कोळंबी पोचली. कोळंबी फार छान होती.

आपा, तू नाहक टेन्शन घेतेस. तुला व्हिजन नाही, हा तुझा दोष नाही. तांबडखाडीत व्हिजनला रेंजच येत नाही. इथे लोकांनी समुद्रात वाळू ओतून ताडाचं झाड काढलंय, ते विमानातून दिसतं. बिल्डर कंपनीचे मॅनेजर उपेंद्र सबनीस साहेब फार सज्जन माणूस. जुमेरा लेक टॉवर्समध्ये त्यांचं ऑफिस आहे, खिडकीतून तळं दिसतं. ते म्हणाले, इथे आधी वाळवंट होतं, मग तळं आणलं. मी म्हटलं, साहेब, आपलं उलट आहे, पाणी आहे ते घालवायचंय. ते म्हणाले, म्हणून तर आवडलं.

तुझी मी पूर्ण सोय केली आहे. धक्क्यावर तुला एक गाळा, वर पाटी ‘आपाज ऑयस्टर पॉइंट’. कालवं फ्रोझन येतील मुंबईहून. तुला चिखलात उतरायला नको.

संमेलनाचा करमणूक सेक्रेटरी मीच आहे. मतदानाच्या आधी सिनेमा ठेवलाय, म्हणजे लोकांचा मूड होतो. ड्रॅगन मार्टमध्ये ज्यांच्याकडून मी नळ घेतो त्या लिनसाहेबांनी एक चिनी सिनेमा दिला आहे. परीकथा, प्रेम, विनोद, सगळं आहे. मी नुसतं पोस्टर पाहिलं. मध्ये सुटाबुटातला तरुण बिल्डर डोक्यावर हेल्मेट घालून हसतो आहे, शेजारी शिंपल्यात बसलेली देखणी पोरगी, मागे क्रेन आणि उगवता सूर्य. तात्पर्य उघड आहे. खाली इंग्रजी अक्षरं नाहीत, पण पंधरा वर्षं मी चिन्यांशी नळांचा धंदा केला, भाषा मला येतेच. मी स्वतः माइकवर मराठीत सांगणार आहे.

तेव्हा निर्धास्त राहा, आणि धाकट्यावर राग धरू नकोस.

तुझा,
तय्यब


इंटरनॅशनल सिटी, दुबई
४ डिसेंबर २०२४

आदरणीय फिरदोस आपांना भावजय रशीदाचा सलाम पोचावा.

आपा, हे पत्र एकटीने वाचा आणि चहा खाली ठेवून वाचा.

परवा मुहैस्नाहमधल्या हॉलात संमेलन झालं. लेबर कॅम्पात राहणारी आपल्या गावची मुलंही बसने आली होती, बिर्याणी वेळेवर आली, म्हणजे अल्लाची मेहेरबानी. जमातीचे अध्यक्ष अर्सलान चाचा मधल्या खुर्चीत, त्यांच्या शेजारी सबनीस साहेब, गळ्यात हार. आम्ही बायका मागे. तुमचे बंधू माइकपाशी, नव्या कोटात, घसा खाकरत.

आता गंमत अशी, की माहनूरच्या शाळेत चार वर्षं चिनी शिकवतात. यांना ते ठाऊक आहे, कारण फी हेच भरतात. पण मुलगी खरंच शिकली असेल, ही शंका बापाच्या मनाला कधी शिवली नाही. ती माझ्या शेजारी बसून माझ्या कानात इंग्रजीत खरा सिनेमा सांगत होती आणि पुढे माइकवर आमच्या घरचा चालला होता. एका तिकिटात मी दोन सिनेमे पाहिले.

खरा सिनेमा असा. एक श्रीमंत पोरगा सरोवर भरून टॉवर बांधतो आहे. तळाशी शिंपल्यांची वस्ती आहे, त्यांचा दम कोंडतो, पिल्लं मरतात. मग ते आपली एक परी त्याचा सत्यानाश करायला त्याच्या घरी स्वयंपाकीण म्हणून पाठवतात. तिची खोड अशी, की समोरचा खोटं बोलला की तिचा शिंपला फाडकन मिटतो. पोरगा बिल्डर, त्यामुळे पहिला अर्धा तास ती मिटलेलीच.

माइकवर काय चाललं होतं ते ऐका. परी रडून विचारते, आमचं पाणी का मारलंत? हे म्हणाले, ती विचारते आहे की भरावाला गॅरंटी किती वर्षांची. मेलेले मासे काठाला लागले, तर म्हणाले, शुक्रवार आहे, आराम करतायत. म्हातारा बेडूक छाती पिटून ओरडायला लागला, तर म्हणाले, विकास पाहून त्याला भरून आलंय. शिंपला मिटला की प्रत्येक वेळी सांगायचे, बाथरूमचं दार आहे, क्वालिटी बघा. कॅम्पातली पोरं टाळ्या वाजवत होती. माहनूर दर दोन मिनिटांनी म्हणत होती, ममा, बाबा इज लाइंग.

पुढे तो पोरगा प्रेमात पडतो, परीबरोबर चिखलात उतरतो, कमरेइतक्या पाण्यात पिल्लं वेचतो आणि शेवटी स्वतःच्या हातांनी बांध फोडतो. पाणी धो धो आत येतं. इथे यांचा कोट घामाने ओला झाला. म्हणाले, टेस्टिंग चाललंय. मग सगळे जण सिमेंटच्या फिरत्या मिक्सरमध्ये बसून लग्न लावतात आणि तो बेडूक एका कागदावर शिक्का मारतो. माहनूर म्हणाली, तो निकाहनामा आहे.

तेवढ्यात अर्सलान चाचांनी हात वर करून विचारलं, की तय्यब, तो कागद कसला? आणि तो पोरगा इतके दिवस चिखलात काय करत होता? आपा, सबनीस साहेब वळून बघत होते, आख्खा हॉल बघत होता. तुमच्या बंधूंनी कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं. मग म्हणाले, ती ‘हरकत नाही’ आहे. चिनी लोकांत रिवाज आहे, की बिल्डरने आधी आठ दिवस पाण्याच्या लोकांत राबायचं, आणि मग त्या पाण्यावर जगणाऱ्यांत जो सगळ्यात वडील, त्याने राजी असेल तर शिक्का मारायचा.

माहनूर उठायलाच लागली होती खरं सांगायला. मी तिच्या मांडीला असा चिमटा काढला की ती परत बसली. चार वर्षांची फी एका बाजूला, पण त्या क्षणी खरं बोलणं आपल्याला परवडणारं नव्हतं.

कारण चाचा उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, बेडकालासुद्धा विचारायची ज्यांच्यात अदब आहे, त्यांच्यापेक्षा आम्ही कमी आहोत का? ठराव मांडला: सबनीस साहेबांनी आठ दिवस तांबडखाडीत जाऊन राबावं, आणि खाडीवर जगणाऱ्यांत जे वडील असेल त्याची सही आणावी, आणि ते सांगेल तसं करावं. सगळे हात वर. वडील कोण, यावर जरा कुजबुज झाली. मग कुणीतरी म्हणालं, अजून खाडीत उतरणाऱ्यांत सगळ्यात मोठ्या फिरदोस आपाच. बाई आहे, असंही कुणी म्हणालं, पण चाचांनी विचारलं, की बेडूक पुरुष होता हे कशावरून? खलास.

घरी आल्यापासून यांनी कोट काढलेला नाही. आता सगळं तुमच्या हातात आहे. लोभ आहेच, तो दोन्ही सिनेमे संपले तरी राहावा.

तुमची,
रशीदा


इंटरनॅशनल सिटी, दुबई
१२ डिसेंबर २०२४

माझ्या आईच्या जागी असलेल्या फिरदोस आपास, तय्यबचा गुडघे टेकून सलाम.

आपा, तुझी फार आठवण येते. आपल्या गावची नौशीन सुट्टीवर तिकडे येते आहे, तिच्याबरोबर केशर, बदाम, खजूर आणि पाय चेपायचं मशीन पाठवलं आहे. मशीन दीडशे दिरहमचं आहे, म्हणजे साडेतीन हजार रुपये, पण तुझ्यापुढे ते काय!

रशीदाने काही लिहिलं असेल तर मनावर घेऊ नकोस. परक्या भाषेचा तर्जुमा थोडा इकडे-तिकडे होतोच. ठराव मात्र मस्त झाला. सबनीस साहेब सत्तावीस तारखेला येतात. त्यांना राहायला होडीवाल्या यहयाकडे ठेव, फार राबवू नकोस, त्यांची कंबर नाजूक आहे. शेवटच्या दिवशी सोबतच्या फॉर्मवर जिथे फुली आहे तिथे सही कर. फॉर्म इंग्रजीत आहे, तो वाचायचा त्रास घेऊ नकोस.

आपा, यात माझी इज्जत अडकली आहे. सही झाली नाही, तर जमात म्हणेल की तय्यबचं घरात चालत नाही. रशीदासमोर तर आधीच चालत नाही.

तुझ्या पायांशी,
तय्यब


७८६
तांबडखाडी
१० जानेवारी २०२५

चिरंजीव तय्यबास आपाचा सलाम, आणि हे पत्र रशीदा व माहनूरला मोठ्याने वाचून दाखवावं.

तुझे उपेंद्र साहेब आले ते चकाकत्या बुटांत. पहिला बूट पहिल्याच ओहोटीला चिखलाने ठेवून घेतला, दुसरा त्यांनी स्वतःहून सोडला. राहायला यहयाकडे, राबायला माझ्याकडे. पहिले दोन दिवस दर कालवामागे विचारत होते, सही कधी. तिसऱ्या दिवशी बोटं कापली, मी हळद लावली, तेव्हापासून विचारायला लागले, उद्या पाणी किती वाजता उतरणार. सहाव्या दिवशी तर मी लहान कालव फोडलं म्हणून माझ्यावरच ओरडले, की ते वाढू द्यायचं असतं. मी म्हटलं, साहेब, हे मीच तुम्हाला परवा शिकवलं. सातव्या दिवशी खडकावर उभे राहून आपल्या कंपनीला फोनवर समजावत होते, की भराव कसा आवश्यक आहे. बोलणं इतकं रंगलं की भरतीचं भान राहिलं नाही. यहयाने होडी घालून आणलं. छातीइतक्या पाण्यातही मीटिंग चालूच होती, म्हणे.

मंगळवारी आणि गुरुवारी मांसमच्छी खात नाहीत. बाकीच्या दिवशी कालवांचं कालवण आटपून भांडंही पुसून खाल्लं. जाताना म्हणाले, रजा वाढवून मिळते का बघतो. वाईट माणूस नाही. नुसता उंच खिडकीत बसवलेला आहे.

आता सहीचं. तुला वाटत असेल, आपाला खाडीची माया आहे. माया कसली? ती बोटं कापते, ऊन डोकं फोडतं, थंडीत हात सुन्न होतात. उद्या कुणी गादीवर बसवलं तर मी काही खडकासाठी रडणार नाही. पण तय्यब, अठ्ठावन्न वर्षांत मला कुणी काही विचारलेलं नाही. निकाहाला तीनदा विचारावं लागतं म्हणून तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मामूंनीच माझ्या वतीने मान हलवली. आता अख्खं गाव, अख्खी दुबईची जमात, एक कंपनी आणि माझा कोटातला भाऊ माझ्या तोंडाकडे बघतायत. ही चव मला नवी आहे. ती एका सहीत संपवू?

फॉर्म मी मास्तरांकडून वाचून घेतला. तुझ्या गाळ्याचा त्यात कुठे उल्लेख नाही. ते मी तुझ्यावर घालत नाही; तुलाही कुणी माइकवर सांगितलं असेल.

मी नाही म्हटलेलं नाही, हे जमातीला नीट सांग. मी विचार करते आहे. अर्सलान चाचांना चिठ्ठी पाठवून विचारून घेतलं, की आठ दिवसांची मुदत साहेबांना होती, मला किती? त्यांनी उत्तर दिलं, ठरावात मुदत नाही, आरामात विचार करा, इन्शाल्ला. तोवर खाडीत एक घमेलं माती पडणार नाही, असंही लिहिलं आहे. खाली शिक्का आहे.

तेव्हापासून माझी फार बडदास्त आहे. भराव नको असलेले रोज सूप पाठवतात, कारण मी जगले पाहिजे. भराव हवा असलेलेही पाठवतात, कारण सही न करता मी गेले तर सगळा सिनेमा पुन्हा पहिल्यापासून. यहया मला खडकावर हात धरून नेतो, जसं काही मी नवरी आहे. परवा दोन्ही पक्षांनी मिळून मला रत्नागिरीच्या डॉक्टरकडे नेलं आणि बाहेर श्वास रोखून बसले. डॉक्टर म्हणाला, गुडघे गेले आहेत, बाकी बाई नव्वदी सहज गाठेल. मी बाहेर येऊन त्यांना सांगितलं, विचार करायला गुडघे लागत नाहीत.

दुवा आहेच, आणि तूही आपल्या आपासाठी करत राहा. तू कुठल्या निकालासाठी करतोस ते मी विचारणार नाही.

तुझी,
फिरदोस आपा