चोवीस तारीख राखून ठेवा

॥ खंडोबा प्रसन्न ॥

चिकलठाणा, औरंगाबाद
१४ एप्रिल

तीर्थरूप कडूबादादांच्या चरणी रामप्रसादचा साष्टांग नमस्कार.

पत्र हातात घेण्याआधी नीट पाहून घ्यावं. कागद पांढरा आहे, चारी कोपरे शाबूत आहेत आणि इथं सगळी माणसं जिवंत आहेत. हळदीकुंकू लिहून झाल्यावर तुमची बहीण शीला स्वतः लावणार आहे. तुमची प्रकृती कशी आहे? सासूबाईंचे गुडघे? (परवा त्या आमच्या गल्लीतून ज्या वेगानं आल्या, त्यावरून गुडघे बरे असावेत, पण विचारणं माझं कर्तव्य.) विहिरीनं अजून दम धरलाय ना? इथं नळ आठ दिवसांनी येतो आणि पाहुण्यासारखा तासाभरात जातो. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून गावाकडं निघालेल्या पुंजारामच्या हाती हे पत्र देतोय.

चूक माझीच आहे. कशी झाली ते सविस्तर सांगतो, कारण थोडक्यात सांगितलं तर मी नुसता मूर्ख दिसेन, सविस्तर सांगितलं तर निदान कष्टाळू मूर्ख दिसेन. जानेवारीत आमच्या कंपनीतल्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं 'सेव्ह द डेट' कार्ड आलं. ती पत्रिका नव्हे. पत्रिका मागाहून येणार, तोवर तेवढी तारीख राखून ठेवा, अशी आगाऊ वर्दी. (आपल्याकडं तीन महिन्यांनी कोण कुठं असेल हे पाऊस ठरवतो, पण साहेब लोकांचं वेगळं असतं.) आमच्याभोवती ज्वारी होती तिथं आता सात मजली इमारती आहेत, आणि त्या उभ्या राहिल्यापासून आपण मागं पडतोय की काय अशी मला सारखी धास्ती असते. सायली म्हणाली, मोबाइलवर फोटो पाठवू, झालं. पण एकुलत्या एका मुलीचं लग्न मोबाइलवर उरकायला मी काय ऐरागैरा आहे? त्याच दिवशी मी छावणीतल्या कार्डवाल्याकडं गेलो.

त्यानंतर सहा खेपा झाल्या. कार्डवाल्यानं पहिल्याच खेपेला सांगितलं होतं, "साब, जितना कम लिखोगे, उतना रईस दिखेगा." हे वाक्य माझ्या डोक्यात भिनलं. पहिल्या खेपेला गणपती काढून टाकला, दुसऱ्या खेपेला आईवडिलांची नावं काढली, तिसऱ्या खेपेला लग्नाचं ठिकाण काढलं, आणि मग 'शुभविवाह' हा शब्दच जुनाट वाटायला लागला. शेवटी काळ्या हातकागदावर चांदीच्या अक्षरांत एवढंच उरलं: 'सायली. २४ एप्रिल. तारीख राखून ठेवा.' जावईबापूंचं, शिवराजचं नाव आहे, पण ते काळ्यावर काळ्या उठावाचं आहे, बोटानं चाचपलं तर लागतं. आणि प्रत्येक कार्डाचा एक कोपरा हातानं फाडलेला. (हा नमुना मीच निवडला. कार्डवाल्यानं दोनदा विचारलं, "साब, पक्का?" मला वाटलं, माझ्या निवडीनं तो दिपला.) माझ्या या सुधारणांच्या नादात तीन महिने आधी द्यायचं कार्ड तयार झालं ते लग्नाला दोन आठवडे उरले तेव्हा.

शीला हळदीकुंकवाची वाटी घेऊन बसली होती. मी वाटी बाजूला सारली. डिझाइन बिघडतं, म्हणालो. पहिलं कार्ड मामाचं, हा मान मात्र मी विसरलो नाही. फक्त अक्षत घेऊन स्वतः यायचं सोडून ते कुरिअरनं पाठवलं.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. काळा कागद, फाटका कोपरा, कुंकवाचा ठिपका नाही, वर एकट्या पोरीचं नाव. आपल्याकडं असा कागद एकाच बातमीचा असतो, आणि तारीख तर बरोबर तेराव्याची वाटावी अशी. तुम्ही चार वेळा फोन केलात, तेव्हा मी कार्डवाल्याशी चांदी फिकट आल्याबद्दल भांडत होतो. मग तुम्ही डोक्याला उपरणी गुंडाळून जीपभर भावकी घेऊन निघालात. आमच्याकडं त्या दिवशी नेमका नळ आलेला. सायली अंगणात पाइप धरून ड्रम भरत होती. सासूबाईंचा हंबरडा ऐकून ती धावत पुढं आली आणि म्हणाली, "आजी, काय झालं? कोण गेलं गं?" सासूबाई म्हणाल्या, "तूच की गं माय!" आणि तिला मिठी मारून अशा रडल्या की पाइप सुटला, आठ दिवसांचं पाणी रस्त्यावर गेलं आणि शेजारचे सांत्वनाला बादल्या घेऊन आले.

अशा वेळी शहाण्या माणसानं तुमचे पाय धरले असते. मी तुम्हाला विचारलं, "दादा, कार्ड कसं वाटलं?"

कार्ड तुमच्या मुठीत चुरगळलं होतं, ते मी पाहिलं होतं, तरी विचारलं. तुम्ही म्हणालात, "पावनं, रस्ताभर मायला सावरत आलो. आता भाचीमागं मामा उभा ऱ्हाईल असं समजू नका." घोटभर पाणीही न घेता परत गेलात. दादा, सायली तुमच्या घरी जन्मली, तुमच्या खांद्यावर बसून जत्रा फिरली. मामा पाठीशी नसेल तर मी अंतरपाटापुढं उभी राहणार नाही, असं तिनं मला सांगून टाकलंय. मला माझी लाज वाटते. माझ्यावरचा राग माझ्यावरच राहू द्या, पण तिच्यासाठी या.

आपला,
रामप्रसाद

ता. क. आता मुद्द्याचं. कार्डाच्या गडबडीत सगळ्या जगाला तारीख राखून ठेवायला सांगितलं, मंगल कार्यालयाला सांगायचं राहिलं. काल गेलो तर चोवीस तारखेला तिथं दुसऱ्याच कुणाचं लग्न. बाकीची कार्यालयं एक तर भरलीत, नाही तर पाण्याअभावी बंद आहेत. तुमचं खळं यंदा रिकामंच आहे. तिथं मांडव टाकता येईल का? कार्डावर ठिकाण छापलेलं नाही, हा त्या कार्डाचा एकमेव गुण. शीलाला यातलं काही माहीत नाही, तेवढं सांभाळून घ्यावं.

ता. क. २. हळदीकुंकू लावताना शीलानं पत्र वाचलं. ती दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

ता. क. ३. सायलीनंही वाचलं. ती हसली आणि लगेच रडली. तिला पहिल्यापासून लग्न आजोळीच हवं होतं. तिनं जानेवारीत मला तसं म्हटलंही होतं. तुमच्या गावाचं नाव कार्डावर शोभणार नाही, म्हणून मी नको म्हणालो होतो. दादा, ठिकाण मी त्याचसाठी काढलं होतं. शिवराजला तिनं आत्ताच फोन केला, तो हो म्हणाला. शीलानं चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलंय. माझ्या सहीवर जरा जास्तच पडलं आणि नाव पुसलं गेलं. मी दुसरा कागद घेत होतो. ती म्हणाली, राहू द्या, दादा तुमच्या नावावर थोडेच येणार आहेत.