विहिरीचा उरलेला दगड

मी, वय एकोणऐंशी, धंदा गवंडीकाम, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. कान कमी ऐकतात, डोके जागेवर आहे. शंका असल्यास मला सतराचा पाढा विचारावा.

१. राहते घर मुलीला. हत्यारेही तिलाच. ओळंबा ती माझ्यापेक्षा सरळ धरते, हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो. जावयाने थापीला हात लावू नये. त्याने बांधलेली भिंत मी पाहिली आहे.

२. मागच्या अंगणातला धुण्याचा दगड माझा नाही, त्यामुळे तो कोणाला देता येत नाही. तो जुन्या विहिरीचा आहे.

ती विहीर गावाआधीची. पाण्यापाशी माणसे थांबली आणि मग गाव झाले, असे आजोबा सांगत. खालून तिसऱ्या पायरीशी डावीकडे एक कोरीव दगड होता. त्यावर तळवा टेकून आजाऱ्याचे नाव घ्यायचे, मगच पाणी भरायचे. रेघा इतक्या झिजलेल्या की नुसत्या बोटाला लागत.

बावीस वर्षांपूर्वी भिंत फुगली, काम मला मिळाले. दगड उतरवताना प्रत्येकावर खडूने आकडा घातला आणि एक्केचाळीस दोनदा घातला. शेवटी धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, एक दगड उरलाय." चारचौघांत म्हणाला, म्हणून माझे डोके फिरले. "काल थापी धरायला लागलास आणि मला शिकवतोस?" फटीत चिपा ठोकल्या आणि चिखलाने माखलेला तो दगड घरी आणून पालथा टाकला. धाकटा काम सोडून निघून गेला, तो आजतागायत बोललेला नाही.

बायको गेल्यावर दगड हलवला. खालून बोट फिरवले तर रेघा लागल्या. तोच तो कोरीव दगड.

इतकी वर्षे लोक शेजारच्या साध्या दगडाला हात टेकतात. काही बरे होतात, काही नाही, पूर्वीसारखेच. विहिरीचे पावित्र्य माझ्यामुळे बिघडले नाही, हे माझे नशीब. साधा दगड काढू नये. त्यावरही आता लोकांनी आपल्या माणसांची नावे घेतली आहेत. चिपा काढून जुना तिथे बसवावा.

३. हे काम धाकट्याने करावे. त्याला दुसरे काही देत नाही. देण्यासारखे एकच आहे: तू बरोबर होतास. मी गेल्यावर त्याला हे वाचून दाखवावे. समोर बसून सांगायची माझी छाती नाही.

यापूर्वी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

सही: गवंडी
स्थळ: मागचे अंगण. दिनांक ९ मार्च.

साक्षीदार १: विहीर झाडणारी बाई. अंगठा.

साक्षीदार २: धाकटा भाऊ. पुतणीने आजच वाचून दाखवले. सही करतो, पण मरायची वाट कशाला बघायची? दादा, उद्या सकाळी पहार घेऊन येतो. पायऱ्या उतरताना तुला मी धरीन.