पुनरुक्तिदोष आणि दोन टेराबाइट

१२ ऑगस्ट २०१२

संगणकातून पालीसारखा आवाज येतो. थांबून थांबून, चुकचुक. आठवडाभर पाल समजून मेजामागे झाडू मारत होतो. आज कळले, पाल आतच आहे.

निश्चय: बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणायची आणि बॅकअप घ्यायचा. स्वस्तातली, पण टिकाऊ. डिचोली तालुक्याचा बातमीदार म्हणून आयुष्य गेले. त्यातले छायाचित्र म्हणावे असे सगळे या एका डब्यात आहे. सत्कार, भजनी स्पर्धा, दूध सोसायटीच्या सभा, शिरगावची जत्रा. तालुक्याचा दृश्य इतिहासच. कोणीतरी हे म्हणायला हवे होते, म्हणून मी म्हणतो.

एवढ्यात शेजारची चंद्रावतीवहिनी आली. तिचा नवरा सगुण, त्याला जाऊन नोव्हेंबरात वर्ष होईल. खनिजाचा ट्रक चालवायचा, आमच्या भजनी मंडळात मातीचे घुमट वाजवायचा. एकदा देवळाच्या अंगणात मी त्याचा हसतानाचा फोटो काढला होता. घरी जाऊन त्याने तसे सांगितलेले, म्हणे. वहिनीने तो पाहिलेला नाही. आता तिला तो हवा आहे. पेपरात पहिल्या पुण्यस्मरणाला छापायचा, मग मोठा करून भिंतीला लावायचा.

म्हटले, दिलाच समज. पण आधी बॅकअप. बॅकअप होईपर्यंत एकाही फाइलला हात लावायचा नाही, हा माझा नियम. (आजपासून.)

सुमंगला स्वयंपाकघरातून म्हणाली, पेनड्राइव्हवर घालून द्या की, चहा उकळायच्या आत होईल. पेनड्राइव्हमधून व्हायरस कसे येतात ते तिला नीट समजावले. चहा उतू गेला. त्याचाही दोष माझ्यावर.

१९ ऑगस्ट

म्हापशाला गेलो. पाय दुखतात. संदीपच्या दुकानात पाचशे जीबीची डिस्क पाहिली. भाव ऐकून समोरच्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसलो. संदीप म्हणाला, बाब, गेल्या वर्षी थायलंडात पूर आला, तिथले कारखाने बुडाले, तेव्हापासून भाव चढलेत. थायलंडात पाणी भरले म्हणून आमच्या मये गावचा माणूस बुडतो. न्यायशास्त्रात असा कार्यकारणभाव मी शिकलो नव्हतो.

संदीपने विचारले, तुमच्याकडे माल किती आहे? म्हटले, पुष्कळ. म्हणाला, जीबीत सांगा. म्हटले, बघून सांगतो. गिऱ्हाईक म्हणून माझे वजन तिथेच कमी झाले असावे, कारण त्यानंतर तो दुसऱ्याच्या मोबाइलला काच चिकटवू लागला.

घाई करायची नाही. तुलनात्मक अभ्यास करायचा. वहीत रकाने आखले: क्षमता, मूल्य, वेग, आयुष्य. आखताना डुलकी लागली.

२ सप्टेंबर

अभ्यास चालू. महाजालावर एका डिस्कविषयी एक म्हणतो उत्तम, दुसरा म्हणतो महिन्यात मेली. दोघेही शपथेवर. श्रुतींतही एवढा विरोध नाही, आणि तिथे निदान भाष्यकार तरी आहेत.

वहिनीने कुंपणावरून विचारले, झाले काय, बाब? म्हटले, निर्णयाच्या जवळ आहे. मग मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, पेपरवाल्यांना आठ दिवस आधी द्यावा लागतो. पेपरवाले म्हणजे कोण? मीच ना! तिला धीर दिला.

१६ सप्टेंबर

खाणी बंद झाल्या. ट्रक रस्त्याकडेला रांगेने उभे, ड्रायव्हर त्यांच्या सावलीत. दिवसभर बातम्या, प्रतिक्रिया, पुन्हा बातम्या. फोटो काढायचे तरी कशाचे? न हलणाऱ्या गोष्टींचे.

त्यात गणपतीची चवथ तोंडावर. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीचे सामान आणायचे राहिले म्हणून सुमंगला बोलत नाही. फोटोचे चवथीनंतर बघू, असे वहिनीला सांगून ठेवले. चवथीनंतर गोव्यात सगळेच होते.

२४ सप्टेंबर

चवथीला सुमंगलाचा भाऊ जयराम वास्कोहून आला होता. बंदरात कामाला. डिस्कचा विषय निघताच हसला. म्हणाला, भावोजी, दुकानातून घेतात काय कोण? त्याच्या ओळखीचा एक तारवटी आहे, बोटीवरचा, महिन्याभरात परत यायचा. दोन टेराबाइट, म्हापशाच्या अर्ध्या भावात. थेट परदेशातला माल.

दोन टेराबाइट! त्यात आमचा तालुका मावून वर पेडणेही बसेल. अभ्यासाची वही मिटली. इतके दिवस थांबण्यामागे दूरदृष्टी होती, हे आता स्पष्ट झाले. सुमंगलाला सांगितले. तिने करंजीचा डबा पुढे सरकवला. सहमती असावी.

७ ऑक्टोबर

तारवटी ठरल्या दिवसाआधीच आला. डिस्क आली. काळी, चकचकीत, हातात घेतली की जड. वस्तूला वजन हवे. आजकालचा माल उचलला तर पिसासारखा लागतो.

जोडली. संगणकाने तत्काळ सांगितले: दोन टेराबाइट. यंत्र खोटे बोलत नाही.

सुमंगलाने विचारले, वॉरंटी? म्हटले, समुद्रमार्गे आलेल्या वस्तूंना वॉरंटी नसते, म्हणूनच त्या स्वस्त असतात. हे तिला पटले नाही. तिला तर्कशास्त्राचा गंध नाही.

१० ऑक्टोबर

नक्कल करून झाली. सगळ्या फाइली डिस्कमध्ये, नावानिशी, वर्षवार. डोळे भरून यादी पाहिली. सगुणही आहे. त्याच्या फाइलला मी 'सगुण हसतमुख' असे नाव दिले होते. उघडून बघायची गरज वाटली नाही. आहे म्हणजे आहे.

मग एक गोष्ट टोचू लागली. तीच छायाचित्रे संगणकातही, डिस्कमध्येही. एकच गोष्ट दोनदा. साहित्यशास्त्रात याला पुनरुक्तिदोष म्हणतात. शिकाऊ बातमीदारांच्या मजकुरातली पुनरुक्ती मी जन्मभर लाल शाईने खोडत आलो. ती स्वतःच्या मेजावर ठेवू? शिवाय चुकचुक चालूच आहे. ओझे कमी झाले तर बिचारे यंत्र टिकेल.

संगणकातली प्रत काढून टाकली. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग संगणक फॉरमॅटच करून घेतला, म्हणजे कामाला कोरी पाटी.

घर झाडून घेतल्यासारखे वाटते. आज झोप लागेल.

१४ ऑक्टोबर

वहिनीला बोलावले. चांगले लुगडे नेसून आली. सुमंगलाने तिला संगणकासमोर बसवले. 'सगुण हसतमुख' वर टिचकी मारली.

करडा चौकोन.

पुन्हा मारली. पुन्हा चौकोन. शेजारची फाइल उघडली, सरपंचाचा सत्कार. तोही करडा. शिरगावची जत्रा करडी. दूध सोसायटी करडी, पण ती आधीही तशीच होती.

नाम आहे, रूप नाही. वेदान्तात ही मोठी पायरी समजतात.

वहिनीला म्हटले, डिस्क नवी आहे, अजून सरावलेली नाही. ती म्हणाली, बरें. उठताना पडद्याला हात लावून गेली.

२० ऑक्टोबर

बुधवारी म्हापसा. संदीपने डिस्क जोडली, मान हलवली, मग स्क्रू काढून डबी उघडली. आत एक साधा पेनड्राइव्ह डिंकाने चिकटवलेला आणि वजनासाठी दोन लोखंडी नट. पेनड्राइव्हला आपण दोन टेराबाइट आहोत असे सांगायला शिकवलेले. भरला की पुन्हा पहिल्यापासून, जुन्यावर नवे लिहायचे. नावे तेवढी शिल्लक ठेवायची.

संदीप म्हणाला, हरकत ना, बाब. ही तर दुसरी प्रत. मूळ खंय आसा?

त्याला पुनरुक्तिदोष समजावून सांगितला. फॉरमॅटपर्यंत आलो तेव्हा त्याने दुकानातल्या पोराला पाणी आणायला सांगितले.

म्हणाला, संगणकही आणून द्या, काही निघते का बघतो. दोन दिवसांनी फोन आला. काही निघाले नाही. नट हवे असतील तर ठेवलेत, म्हणाला. चेष्टा नव्हती; चांगला मुलगा आहे.

जयरामला फोन केला. तारवटी पुन्हा बोटीवर गेलाय, पुढल्या पावसाआधी यायचा नाही. तो आला की बोलू म्हणाला. मग विचारले, भावोजी, जपून वापरली ना?

२५ ऑक्टोबर

आता सांगायलाच हवे. उद्या.

२८ ऑक्टोबर

देवळाकडून जायचे सोडून तळ्याकाठच्या वाटेने जातो. डॉक्टरांनी चालायला सांगितलेच होते.

सुमंगला म्हणाली, किती दिवस तळ्याभोवती फिरणार? मी सांगू काय तिला? म्हटले, नको, हे पुरुषाने करायचे काम. ती म्हणाली, मग करा.

पुण्यस्मरणाच्या जाहिरातीचा मजकूर मात्र लिहून ठेवला. 'नादब्रह्मी लीन', 'प्रसन्नवदन', 'स्मितभाषी'. फोटोची उणीव शब्दांनी भरून निघते. फोटो काय, कोणीही काढतो.

४ नोव्हेंबर

सकाळी गेलो. सगळे सांगितले. थायलंडपासून सुरुवात केली, ती वाट बघत राहिली. शेवटी म्हटले, फोटो गेला, वहिनी. कुठेच नाही.

रडली नाही. चहा ठेवला. मजकूर वाचून दाखवला, तो तिने ऐकला. 'प्रसन्नवदन' म्हणजे काय, विचारले. हसऱ्या तोंडाचा, म्हटले.

मग म्हणाली, बाब, तुवें तो पळयला न्हय, डोळ्यांनी? तूच काढलेला. मग सांग मला. तोंडार हात आशिल्लो काय ना?

आठवू लागलो. मागची दीपमाळ आठवली. तिच्यावर तिरके पडलेले ऊन. चौकट किती नेमकी साधली होती ते आठवले. फाइलचे नाव आठवले. सगुणचे तोंड काही केल्या येईना.

म्हटले, नाही, हात नव्हता.

तिचा चेहरा असा उजळला की मला थांबता आले नाही. म्हटले, मनमोकळा हसत होता. पुढचे दात कसे, मोगऱ्याच्या कळ्यांसारखे, एका ओळीत.

ती अगदी हळू म्हणाली, पुढचे दात त्याचे लग्नाआधीच गेले होते, ट्रकचे हँडल बसून. म्हणून तर तो तोंडावर हात धरूनच हसायचा. इतक्या वर्षांत हात बाजूला झालेला तिने एकदाही पाहिला नव्हता.

असूं दी, म्हणाली, आणि माझी बशी उचलून घेतली. चहा अजून अर्धा होता.