बिननावी भिंतीवरचा मिशीवाला

लिहून ठेवणार हिंदुराव यशवंत भापकर, वय अडुसष्ट, निवृत्त कालवा निरीक्षक, राहणार बारामती. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला सोबत जोडलेला नाही, कारण दाखले विकत मिळतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. हे सगळं स्वहस्ते लिहीत आहे, कारण टायपिंगवाल्याच्या पोटात काही राहत नाही. प्रत्येक पानावर आकडा आणि सही घातली आहे, तेव्हा मधलं पान गाळायचा विचार कोणी करू नये.

कलम १. यापूर्वीची माझी तीन मृत्युपत्रं, सन १९९३, १९९४ आणि १९९६ ची, आजपासून रद्द. ती का केली हे सांगितल्याशिवाय हे चौथं कळायचं नाही.

बारामतीत १९९१ पासून दर डिसेंबरात तीन दिवस व्यंगचित्र आणि चित्रकथा महोत्सव भरतो. माझे मित्र, निवृत्त चित्रकला शिक्षक दादासो रणवरे तो भरवतात. पुण्या-मुंबईचे चित्रकार येतात, बघायला मोठी गर्दी होते. तिथे एक बिननावी भिंत असते. कोणीही चित्र काढावं, आणून द्यावं नाहीतर टपालानं पाठवावं, खाली नाव घालायचं नाही. समितीनं ते टाचणीनं लावायचं आणि पाकीट फाडून टाकायचं, असा त्यांचा नियम.

पहिल्याच वर्षी त्या भिंतीवर मी होतो! तुपाच्या बरणीवर खडूनं खूण करत होतो. दुसऱ्या वर्षी उंबऱ्यात राख पसरून पावलांचे ठसे मोजत होतो. तिसऱ्या वर्षी टोपीत किल्ल्या घालून झोपलो होतो. आणि दर वेळी नाकाखाली ही झाडूएवढी मिशी. लोक पोट धरून हसत होते.

हे सगळं मी करतो, नाकारत नाही. तीस वर्षं कालव्यावर पाणीचोर पकडले, ती सवय घरात आली. पण घरातल्या गोष्टी बाहेर जातात म्हणजे फितूर घरातलाच, हे सांगायला पोलीस कशाला लागतो? दर वर्षी मी माझं चित्र भिंतीवरून काढून आणलं, मागे तारीख-वेळ लिहून पंचनामा केला आणि ट्रंकेत कुलपात ठेवलं. दादासोंकडे पाकीट मागितलं तर म्हणाले, "हिंदुराव, पाकीट कवाच फाडलं. तुमी आपलं हसा की जरा." हसा म्हणे! सात वर्षं माझी झोप उडाली आणि मी हसू?

कलम २. माझी सायकल, शिट्टी आणि मोजणीची साखळी पुतण्या ऋषिराज यास द्यावी. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. त्याच्या माघारी मी त्याची शाई तपासली. जुळली नाही. म्हणजे लबाडानं दुसरी वापरली, असं मी धरलं आणि १९९३ साली पहिलं मृत्युपत्र करून त्याला घरातून वगळलं. त्याचा काही दोष नव्हता. तरी घर त्याला मिळणार नाही, ते का ते पाचव्या कलमात आहे.

कलम ३. शकुबाई जानेवारी १९९१ पासून माझा स्वयंपाक करते. तिला मागची खोली हयातभर राहायला द्यावी, कोणी उठवू नये. १९९४ साली संशय तिच्यावर होता. तिला चित्र काढता येत नाही, पण सांगता तर येतं, असं मला वाटायचं. दोन महिने मी तिच्याशी नीट बोललो नाही. ती दोन वेळची भाकरी गरमच वाढत राहिली.

कलम ४. दादासोंवरचा संशय १९९६ चा. त्यांना काही नाही, कारण ते साक्षीदार आहेत. त्यांनी ती सात चित्रं महोत्सवाला मागितली. ती मिळणार नाहीत. रोज तोंडावर हसणाऱ्या माणसाचा मला अजून पुरता भरवसा वाटत नाही, हे इथे नोंदवतो.

आता मूळ गोष्ट. गेल्या डिसेंबरात शकुबाई म्हणाली, "तात्या, एवढं काय बघाया जाता? मला बी दावा की." नेली. भिंतीवर सातवं चित्र होतं. मी कालव्याच्या दारावर बसून पाण्याचे थेंब मोजतोय. बाई लांबून बघून आली, जवळून बघून आली.

"ह्यो कोण म्हणायचा, तात्या?"

"कोण म्हणजे? मी हाय."

"तुमी? न्हाय ओ! ह्याला मिशी हाय."

मी तिथेच बाकावर बसलो. मिशी मी १९९० च्या श्रावणात काढली, आई गेली तेव्हा, दहाव्याला. परत ठेवली नाही. शकुबाईनं माझी मिशी कधी पाहिलेलीच नाही. ऋषिराज आणि दादासो मला सात वर्षं रोज बिनमिशीचा बघतात. मी समजत होतो, मिशी मला चिडवायला काढतात.

घरी येऊन सातही चित्रं जमिनीवर मांडली. चष्मा १९९१ चा, तो कशात नाही. टेलिफोन त्यानंतरचा, त्याला मी कुलूप घालतो, सगळी गल्ली त्यावरून हसते, तेही कशात नाही. ज्यानं ही चित्रं काढली त्याला माझं घर आतून-बाहेरून ठाऊक आहे आणि त्यानं मला १९९० नंतर पाहिलेलं नाही. असं माणूस एकच.

कलम ५. माझं बारामतीचं घर, वडगाव निंबाळकरची दोन एकर ऊसजमीन आणि ट्रंक आतल्या चित्रांसह माझी एकुलती मुलगी सौ. रोहिणी मारुती थोरवे, राहणार लासुर्णे, हिला द्यावी.

रोहिणीची आई लवकर गेली, माझ्या आईनं तिला वाढवलं. पोरीच्या हातात सदा पेन्सिल. एकदा तिनं माझ्या पाणीपाळीच्या रजिस्टरात आमच्या साहेबांना कालव्यात डुंबणारी म्हैस करून काढलं. साहेबांनी ते पाहिलं, मला मेमो मिळाला. त्या दिवशी मी तिच्या साऱ्या वह्या बंबात घातल्या. पुढच्याच महिन्यात लग्न ठरवलं, तिला विचारलंही नाही. १९८९ सालच्या वैशाखात सासरी निघताना पोरी "येते" म्हणतात. ती "जाते" म्हणाली. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. तेव्हापासून ती या घरी आलेली नाही.

वर्षानं माझी आई वारली. लासुर्ण्याला निरोप मी धाडला नाही. मला वाटलं, निरोपाच्या निमित्तानं येईल आणि चार माणसांत मला बोलेल. म्हणून ती दहाव्याला नव्हती. म्हणून माझी मिशी गेल्याचं तिला ठाऊक नाही. फितूर शोधत होतो, हे सापडलं. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

कलम ६. चित्रं रोहिणीनंच काढली, हा माझा संशय आहे, पुरावा नाही. माझे आधीचे तिन्ही संशय खोटे ठरले. हाही खोटा ठरला तरी घर तिचंच राहील.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. हे कलम मात्र तोवर थांबवू नये. याची नक्कल दादासोंनी आजच लासुर्ण्याला नेऊन तिच्या हातात द्यावी, दुसऱ्या कोणाच्या नाही. तिच्यासाठी खाली चार शब्द.

रोहिणे, मिशी न्हाय आता. पुढचं दोन दात बी न्हाईत. आजी गेली तवा तुला कळवलं न्हाय, माझं चुकलं. हितं येऊन समोर बस आणि बघून काढ, काय काढायचं ते. मी हलणार न्हाय. डॉक्टर म्हणतो तीन महिनं हायेत. त्याच्यावर माझा इश्वास न्हाय, कमीच असतील.

ठिकाण: बारामती
तारीख: १८ जानेवारी १९९८
सही: हिंदुराव यशवंत भापकर

साक्षीदार:
१. सिद्धू बिरा कोकरे, पिठाची गिरणी, बारामती. सही माझ्यासमोर झाली.
२. दादासो आनंदा रणवरे, बारामती. सही माझ्यासमोर झाली. नक्कल खिशात घेतली आहे, साडेअकराच्या एसटीनं निघतो. हिंदुराव मागून म्हणाले, "मी बी येतो." मी थांबलो आहे, ते चपला घालत आहेत.