ओढ्याकाठची लंगडी मादी मीच असल्याबाबत

प्रति,
मा. वनाधिकारी (वन्यप्राणी गणना),
वन कार्यालय, पहिला मजला,
जिन्याच्या डाव्या हाताला, पाण्याच्या पिंपाशेजारी.

विषय : प्राणिगणनेतून अर्जदारास वगळून रान माणसांसाठी पुन्हा खुले करणेबाबत.

संदर्भ : १) भाजीच्या दुकानाबाहेर चिकटवलेली आपली छायाचित्रासह सूचना.
२) आपल्या लिपिकांनी खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर : "प्राण्यांचे अर्ज आम्ही घेत नाही."

महोदय,

विषय वाचून आपणास हसू आले असल्यास माझी हरकत नाही. आपले लिपिकही हसले होते. मात्र हसून झाल्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली. आपण तसे करू नये, एवढ्यासाठी सर्व हकिगत तपशिलाने सादर करीत आहे.

१. मी रानात जगण्याची कौशल्ये शिकवणाऱ्या शाळेत स्वयंसेवक आहे. काडेपेटीशिवाय विस्तव करणे, झाडाच्या सालीचा दोर वळणे, पाल्याचा निवारा बांधणे, पाऊल न वाजवता चालणे, असे विषय तेथे आहेत. स्वयंसेवकाने सकाळी सरपण फोडायचे, राखेने पातेली घासायची, शौचाच्या खड्ड्यात भुसा टाकायचा आणि दुपारी फुकट शिकायचे, असा व्यवहार आहे. हाच मुलगा घरी स्वतःचे ताट उचलत नाही, ही बाब माझी आई शाळेत येऊन सर्वांसमक्ष सांगून गेलेली आहे. मला तेथे पगारी शिक्षक व्हायचे आहे. यावर थोरल्या भावाचे मत असे, की "सगळी माणसं रानातून बाहेर यायला हजारो वर्षं झटली, आणि आमचे बंधुराज भांडी घासत परत निघालेत."

२. शिक्षक होण्यासाठी परीक्षा एकच. पाल्याचा निवारा बांधून रानात असे राहायचे, की तेथे माणूस राहतो हे कोणाला कळता कामा नये. शाळेच्या मुख्य शिक्षिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, स्वतः शोधायला निघतात. त्यांनी किंवा अन्य कोणीही उमेदवाराला ओळखले, की तो नापास. बाईंनी हार मानली, की उमेदवाराने त्यांचा हात धरून त्यांना निवाऱ्यात न्यायचे, आत बसवायचे आणि स्वतः पेटवलेल्या विस्तवावर चहा करून पाजायचा. चहाचा पहिला घोट बाईंच्या घशाखाली उतरला, की उमेदवार शिक्षक झाला. घोट उतरेपर्यंत कधीही ओळखला गेला तरी तो नापास, उतरल्यावर मात्र निकाल फिरवायचा नाही, असा शाळेचा रिवाज आहे.

३. माझा निवारा बाईंना सापडला नाही. एकदा तर त्या त्याला टेकून बसल्या, डबा खाल्ला, "कार्टं गेलं तरी कुठं" असे म्हणाल्या आणि संत्र्याची साल माझ्या छपरावर टाकून निघून गेल्या. अखेर त्यांनी हार मानली. चहाचा दिवस ठरला. मी पातेले घासून तयार ठेवले. नेमकी त्याच वेळी आपली प्राणिगणना सुरू झाली.

४. बाईंना जे सापडले नाही ते आपल्या वनरक्षकांना सापडले, याबद्दल मी त्यांचे अभिनंदनच करतो. त्यांनी निवाऱ्याच्या तोंडाशी वाकून वास घेतला. मी आत श्वास रोखून पडलो होतो. ते सहकाऱ्याला म्हणाले, "आत काहीतरी आहे. पण माणूस नाही. माणसाला असा वास येत नाही रे." हे शब्द मी मनावर घेतले नाहीत, परीक्षेच्या दृष्टीने ते उत्तेजनार्थच होते.

पुढचा गैरसमज पायांमुळे झाला. पादत्राणांच्या तासाला मी गवताच्या चपला विणल्या होत्या. डावी झकास जमली, उजवीला गवत कमी पडले. त्यामुळे एक ठसा मोठा, एक लहान. शिवाय आपण झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने मला अंगाला चिखल व पाला फासून ओढ्याला तोंड लावताना टिपले. यावरून तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला : जात अज्ञात, पायाने लंगडी, वयस्कर, स्वभावाने लाजाळू, बहुधा मादी. लाजाळू हे खरे आहे. बाकीच्यावर माझी हरकत आहे.

५. आपण तातडीने रानाचा तो भाग माणसांना बंद केला. शाळा त्याच भागात येते. तेव्हापासून शाळेला कुलूप असून बाई आपल्या घराच्या गच्चीवर वर्ग घेतात. तेथे सिमेंटवर मागमूस न ठेवता चालण्याचा सराव होतो, आणि तो सर्वांनाच उत्तम जमतो. विद्यार्थी गळू लागले आहेत. माझ्यापुरते सांगायचे तर रान बंद म्हणून निवारा बंद, निवारा बंद म्हणून चहा नाही, आणि चहा नाही म्हणून नोकरी नाही.

वाईट वाटते ते याचे, की बाई त्या प्राण्यावर फिदा आहेत. त्यांनी सूचनेतले छायाचित्र मोठे करून गच्चीवर एक तास घेतला. "नीट बघा," त्या म्हणाल्या, "माणसाला जीव गेला तरी अशी चाल जमायची नाही." मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली.

६. मग मी आपल्या कार्यालयात आलो व तो प्राणी मीच आहे असे सांगितले. लिपिकांनी पुरावा मागितला. मी चपला घालून त्यांच्या टेबलाभोवती फेरी मारून दाखवली. चाल तंतोतंत जुळते, हे त्यांनी मान्य केले. "पण यावरून तू तिची नक्कल करतोस एवढंच सिद्ध होतं," ते म्हणाले, "आणि दुर्मिळ प्राण्याची नक्कल करून त्याला बिथरवणं बरं नव्हे." मुद्दा बिनतोड असल्याने मी चपला काढून हातात घेतल्या. बाहेर येऊन खिडकीतून लेखी अर्ज पुढे केला, तेव्हा संदर्भ क्र. २ मधले उत्तर मिळाले.

७. पाल्याचे छप्पर अधूनमधून नवा पाला टाकून सावरावे लागते, नाहीतर ते खाली बसते. त्यात बाईंना काय बसवणार? म्हणून मी गुपचूप जाऊन डागडुजी करतो. दर वेळी आपला कॅमेरा मला टिपतो, प्राणी सुखरूप असल्याची नोंद होते आणि बंदीची मुदत वाढते. आपले कर्मचारी निवाऱ्यापुढे भोपळा व रताळी ठेवून जातात. ती मी खाल्ली. आपल्याच दारात कोणी रताळी आणून ठेवली तर माणूस काय करील? परंतु त्याची नोंद 'प्राण्याने आहार स्वीकारला' अशी झाली व दुसऱ्या दिवशी रताळी वाढवण्यात आली. त्याबद्दल आभार.

मात्र आता असे कळते, की सदर प्राण्याला लांबून बेशुद्धीचे इंजेक्शन मारून गळ्यात रेडिओचा पट्टा बांधण्याचे ठरले आहे. तसेच ती एकटी पडल्याने तिच्यासाठी बाहेरून नर आणण्याचा प्रस्ताव मंजुरीसाठी गेला आहे. माझ्या लग्नाचा विषय घरात निघतो आणि आमटी निवली की मिटतो. आपल्या कार्यालयाने एका बैठकीत स्थळापर्यंत मजल मारली, ही तत्परता वाखाणण्याजोगी आहे. तरीही प्रस्ताव मागे घ्यावा, ही विनंती.

८. आता मुख्य अडचण. मी माणूस असल्याचा पक्का पुरावा उपलब्ध आहे, पण तो देता येत नाही. तो पुरावा म्हणजे माझी आई. भाजी घ्यायला गेली असता तिने आपली सूचना पाहिली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. "हा आमचा धाकटा," ती म्हणाली. भाजीवाला म्हणाला, "काकू, अहो, प्राणी आहे तो. खाली लिहिलंय बघा." त्यावर आई म्हणाली, "लिहू दे ज्याला लिहायचंय त्याला. पोक काढून चालू नकोस म्हणून लहानपणापासून घसा कोरडा केलाय मी. आणि पाणी बघा कसं पितोय, जसं कोणी हिसकावून नेणारच आहे." असे म्हणून तिने मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, कोथिंबीर फुकट मागितली आणि ती घरी आली.

तिचे निवेदन आपणाकडे दिल्यास मी माणूस ठरेन, पण ओळखला गेल्यामुळे नापास होईन. न दिल्यास मी पास आहे, पण प्राणी आहे. आईने ओळखले, याला ओळखणे म्हणू नये, असे माझे नम्र मत आहे. आईपासून लपण्याचे कौशल्य शाळेच्या अभ्यासक्रमातही नाही. परंतु मोठ्या बाई नियमाला कडक आहेत, आणि त्या भाजी त्याच दुकानातून घेतात. भाजीवाल्याच्या पोटात काही राहत नाही. त्याला तूर्तास मी निवाऱ्यापुढील एक भोपळा देऊन ठेवला आहे, पण भोपळा किती दिवस पुरणार?

९. तरी यातून कोणाचीच चूक न काढणारा मार्ग सुचवतो. गणना जशीच्या तशी राहू द्यावी. तिच्यापुढे फक्त एवढी ओळ लिहावी : 'सदर मादी स्वखुशीने अन्यत्र निघून गेली.' आपली मोजणी बरोबर ठरेल, तज्ज्ञांचा मान राहील, आणायच्या नराला कोणी फसवले असे वाटणार नाही. रान उघडेल, शाळा उघडेल. सदर मादीच्या वतीने मी लिहून देतो, की ती परत येणार नाही. पुढे तिच्यासारखी चालणारी एक व्यक्ती रोज शाळेत शिकवायला येईल, तिच्याकडे दुर्लक्ष करावे.

निवाऱ्यात बसल्यावर बाईंना सगळे उमगेलच. पण तोपर्यंत घोट उतरलेला असेल.

१०. आईने आपली सूचना दुकानाबाहेरून सोडवून घरी आणली आहे व खालचा मजकूर कापून छायाचित्र भिंतीवर लावले आहे. सरकारी कागद काढल्याबद्दल तिच्या वतीने क्षमा मागतो. मी ते काढायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे. काम करताना तुझा एवढा एकच फोटो आहे." पाहुण्यांना ती सांगते, की मुलगा नोकरीला लागला. ते खरे करणे आता आपल्या हाती आहे.

रान उघडल्यावर आपणही सवडीने चहाला यावे. वाट आपल्या वनरक्षकांना माहीत आहे. बाईंना मी हात धरून नेईन. आईला न्यावे लागणार नाही.

आपला नम्र, आणि निर्णय होईपर्यंत आपल्याच संरक्षणाखालील,

(सही)
शाळेतील टोपणनाव : पाचोळा

दिनांक : पट्टा बांधायला माणसे येणार त्याच्या आधीचा सोमवार.

सोबत :
१) उजवी चप्पल. (डावी चांगली जमली आहे, ती देता येत नाही.)
२) भोपळ्याचे देठ, आहार मिळाल्याची पोच म्हणून.
३) आईचे निवेदन, बंद पाकिटात. दुसरा काही इलाज उरला नाही तरच उघडावे. त्यात माझ्या पाठीच्या पोकाबद्दल बरेच लिहिले आहे.